ठाण मांडलेला घोडा

राजकारणात कुणी रातोरात पक्ष बदलला, कुणी ऐनवेळी पाठिंबा काढून घेतला, की दुसऱ्या दिवशीच्या मराठी वर्तमानपत्रात ‘अडीच घरांची चाल’ हमखास भेटते. बुद्धिबळाचा पट ज्याने आयुष्यात मांडलेला नाही त्यालाही या शब्दांतून काय सुचवायचे आहे ते कळते. सरळ न जाणारा, मधल्यांच्या डोक्यांवरून उडी मारणारा, कुठून येईल याचा नेम नसलेला तो घोडा. हत्ती सरळ, उंट तिरका, आणि घोडा बेभरवशाचा, अशी वाटणी आपल्या भाषेने करून टाकली आहे. बुद्धिबळावरचे मराठी लेखनही बहुतेक याच वाटेने जाते. घोडा ‘उधळतो’, ‘थैमान घालतो’, ‘झेपावतो’, आणि शेवटी त्याचे ‘बलिदान’ होते. गेली काही वर्षे ही समीक्षणे मी जमतील तशी जमवून वाचतो आहे. त्यांतल्या क्रियापदांकडे पाहिले तर घोडा हा फक्त हलण्यासाठीच पटावर असतो, असे वाटावे.

माझे म्हणणे याच्या उलट आहे. आक्रमणाचे जे डाव खरोखर घोड्यांनी जिंकले आहेत, त्यांत निदान एक घोडा बराच वेळ जागचा हललेला नसतो. मराठीत यासाठी नेमका शब्द आहे. घोडा बांधण्याच्या जागेला ‘ठाण’ म्हणतात आणि हट्टाने एका जागी बसून राहण्याला ‘ठाण मांडणे’. पटावरचा जिंकणारा घोडा ठाण मांडतो. आपल्या कौतुकाची दृष्टी मात्र पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या चालण्यावर खिळलेली आहे, आणि याचे मूळ वर्तमानपत्रांहून बरेच जुने आहे.

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा ‘मानसोल्लास’ मराठी वाचकाला परिचित असतो तो त्यातल्या गीतविनोदात सापडणाऱ्या मराठी ओळींमुळे. शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९च्या आसपासचा हा ग्रंथ. त्याच ग्रंथात राजाच्या करमणुकीच्या खेळांमध्ये चतुरंगही आहे, आणि त्यात घोड्याने एकेका घरात एकदाच पाय ठेवत सगळा पट फिरून येण्याची युक्तीही. पुढे सतराव्या शतकात काशीच्या नीलकंठ भट्टांनी ‘भगवंतभास्कर’ या आपल्या मोठ्या धर्मशास्त्रग्रंथाच्या ‘नीतिमयूख’ भागात बुद्धिबळाचे नियम दिले, तेव्हा तेथेही घोड्याची ही ६४ घरांची प्रदक्षिणा आली. हे भट्ट घराणे मूळचे पैठणचे. एकोणिसाव्या शतकात औरंगाबादच्या हरिकृष्णांनी ‘क्रीडाकौशल्य’ लिहिले, त्यातही घोडा फिरतोच आहे.

काव्यशास्त्राने तर या फिरण्याचा अलंकार केला. नवव्या शतकातल्या काश्मिरी रुद्रटाच्या ‘काव्यालंकारा’त ‘तुरगपद’ नावाचा बंध आहे. अनुष्टुभाची ३२ अक्षरे चार ओळींत आठ-आठ करून मांडायची, म्हणजे अर्धा पट तयार होतो. मग ती अक्षरे सरळ वाचली तरी तोच श्लोक आणि घोड्याच्या चालीने वाचली तरी तोच. चौदाव्या शतकात वेदान्तदेशिकांनी ‘पादुकासहस्रा’त पुढची पायरी गाठली. तेथे एक श्लोक घोड्याच्या चालीने वाचला की दुसराच श्लोक मिळतो. अचंबा वाटावा असेच हे काम आहे. आजचे गणिती सांगतात, की ६४ घरांच्या पटावर निघाल्या घरी परत येणाऱ्या अशा प्रदक्षिणा १३ लाख कोटींहून अधिक आहेत. पण त्यांतली एक हाताने शोधायची आणि तिच्यावर अर्थपूर्ण अक्षरे बसवायची, याला काय चिकाटी लागली असेल!

तरीही मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त चित्रकाव्याला ‘अवर’ म्हणून तिसऱ्या पंक्तीत बसवले, ते मला पटते. कसरत दिसते, पण कसरतीतून काही सिद्ध होत नाही. आपल्या मोरोपंतांचेच पाहा. १०८ रामायणे, त्यांतले एक तर ओठ न मिटता म्हणायचे ‘निरोष्ठ रामायण’. त्यांचे नाव आपण आदराने घेतो. पण वाचक पुन्हापुन्हा जातो तो ‘केकावली’कडे, जिथे कवी एका जागी बसून देवाला हाका मारतो आहे. पटाची प्रदक्षिणा करणाऱ्या घोड्यासमोर शत्रूच नसतो. पट रिकामा असतो, म्हणूनच तो फिरू शकतो. खेळात पट भरलेला असतो आणि तेथे प्रश्न घोडा कुठे कुठे जाऊ शकतो हा नसून त्याला कुठून कुणी हलवू शकत नाही, हा असतो.

आपल्या जुन्या देशी पद्धतीने घोड्याची ही चाल राजालाही देऊन ठेवली होती. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी शह बसण्याआधी राजाला एकदाच घोड्याची उडी मारून आडोशाला जाता येई. म्हणजे अडीच घरांचा आपल्याकडचा पहिला अर्थ निसटणे हाच होता. मुंबईत १८१४ साली त्रिवेंगडाचार्य शास्त्रींचे बुद्धिबळावरचे इंग्रजी पुस्तक निघाले. मूळ संस्कृत, आणि युरोपी पद्धतीला जुळवून घेतलेले. पुस्तकात मुख्यतः आहेत त्या स्थिती, म्हणजे मांडून दिलेले पेच: अमुक इतक्या चालींत मात करा. या प्रकारच्या पुस्तकांचा मला आदर आहे, पण माझी तक्रारही याच ठिकाणी आहे. पेच सुरू होतो तेव्हा घोडा आधीच मोक्याच्या घरात उभा असतो. तो तेथे आला कसा, त्यासाठी काय मोजावे लागले, समोरच्याने त्याला हुसकावले का नाही, हे पुस्तकात नसते. शेवटच्या चार उड्या तेवढ्या दिसतात. कापणी दिसते, पेरणी दिसत नाही. आजची शिकवणीवर्गांची वह्यापुस्तके आणि मोबाइलवरचे रोजचे कोडे हीच परंपरा पुढे चालवत आहेत. जुलै २०२५मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हापासून गावोगावी पट मांडणाऱ्या मुलामुलींची संख्या डोळ्यांत भरण्यासारखी वाढली आहे. त्यांच्या हाती आपण काय देतो आहोत, हा प्रश्न म्हणूनच मला महत्त्वाचा वाटतो.

मी राहतो त्या विजयदुर्गात १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, जाळी विणायला घेतलेली, बाहेर पाऊस, आणि संध्याकाळी एकदोन पडव्यांत पट मांडलेले. तेथे एक म्हातारे गृहस्थ मुलांचे डाव बघत बसतात. कुणी पोर घोडा इकडून तिकडे नाचवू लागले, की ते एकच वाक्य म्हणतात: “झिला, घोडो नाचवू नको रे, बसव त्येका.” त्या वाक्यात मला हव्या असलेल्या विवेचनाचा निम्मा भाग आलेला आहे. उरलेल्या निम्म्यासाठी एक प्रत्यक्ष डाव सावकाश वाचावा लागेल.

१५ ऑक्टोबर १९८५, मॉस्को. जगज्जेतेपदाच्या २४ डावांच्या लढतीतला सोळावा डाव. पंधरा डावांनंतर दोघांचे गुण समान, साडेसात-साडेसात. पांढरी मोहरी जगज्जेत्या अनातोली कार्पोव्हकडे, काळी बावीस वर्षांच्या गॅरी कास्पारोव्हकडे. हा डाव जगभर वाखाणला गेला. वाखाणताना पुष्कळांनी कास्पारोव्हच्या घोड्याला आठ हातांच्या ऑक्टोपसची उपमा दिली. उपमा चांगली आहे. पण ऑक्टोपसही पुन्हा वळवळणाराच. हा घोडा तर सोळाव्या चालीला डी३ या घरात बसला आणि चौतिसाव्या चालीला मारला जाईपर्यंत तेथून हलला नाही.

डी३ म्हणजे पांढऱ्याच्या तिसऱ्या ओळीतले घर, शत्रूच्या ओसरीतलेच म्हणा ना. अशा घरात शिरलेल्या घोड्याला हुसकावायचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे शेजारच्या पट्टीतले प्यादे. सी पट्टीत किंवा ई पट्टीत कार्पोव्हचे प्यादे असते, तर घोडा एका चालीत माघारी गेला असता. ती दोन्ही प्यादी आधीच नाहीशी झाली होती, आणि ती नाहीशी होण्याचे कारण कास्पारोव्हची आठवी चाल: डी५. तेथे त्याने स्वतःचे एक प्यादे देऊन टाकले. दहाव्या चालीला ते कार्पोव्हने घेतले, आणि लगेच काळा घोडा बी४ वर आला. एका प्याद्याच्या किमतीत त्याने एक घर विकत घेतले होते, असे मी म्हणेन. समीक्षक सोळाव्या चालीला टाळी देतात. माझ्या मते ती टाळी आठव्या चालीला द्यायला हवी. पहिली चाल दिसते, दुसरी कळावी लागते.

आता त्या घोड्याची नजर कुठे कुठे पडते ते मोजू. कोपऱ्यातल्या घोड्याला दोनच घरे मिळतात, कडेच्याला तीन किंवा चार, मध्याजवळच्याला आठ. डी३ वरून त्याची आठही घरे जागती आहेत. त्यांतली सी१ आणि ई१ ही दोन मला सर्वांत मोलाची वाटतात. पटावर सी आणि ई या दोनच पट्ट्या पूर्ण मोकळ्या होत्या. हत्तींना राबायला मोकळी पट्टी लागते. कार्पोव्हचे हत्ती डी१ आणि एफ१ वर, म्हणजे दोन्ही मोकळ्या पट्ट्यांच्या अगदी शेजारी उभे, आणि दोन्हींत पाऊल टाकायची सोय नाही. घोड्याने कुणाला मारले नाही, शह दिला नाही. दारात बसून राहिला, एवढेच.

घोड्याने घोड्याला भिडून तो मारून टाकावा, हा दुसरा उपाय. कार्पोव्हकडे दोन घोडे होते. अठराव्या चालीला कास्पारोव्हने प्यादे बी४ वर ढकलले, आणि या प्याद्याने ए३ व सी३ ही दोन घरे बंद झाली. कार्पोव्हचा एक घोडा तेव्हा बी१ वर होता. त्याला जायला एकूण तीनच घरे: ए३ आणि सी३ प्याद्याच्या तोंडी, डी२ वर स्वतःचाच वजीर. दुसरा घोडा ए४ वर, कडेला. त्याची चार घरे पाहा. सी३ वर तेच प्यादे, बी६ वर वजिराचा डोळा, सी५ आणि बी२ वर पुन्हा डी३चा घोडा. म्हणजे काळ्याच्या एका बसलेल्या घोड्याने आणि एका प्याद्याने पांढऱ्याचे दोन घोडे ठाणबंद केले. ठाण मांडणे आणि ठाणबंद होणे यांतला फरक याहून स्पष्ट मला कुठे सापडलेला नाही. दोन्हीकडचे घोडे जागचे हलत नाहीत. पण एकाला हलायचे नाही आणि दुसऱ्याला हलता येत नाही.

बी२ वर यायचा प्रयत्न कार्पोव्हने केला नाही असे नाही. एकविसाव्या चालीला त्याने बी३ खेळून घोड्यासाठी ते घर मोकळे केले. कास्पारोव्हने राजासमोरचे प्यादे जी५ वर ढकलून उत्तर दिले आणि दोन चालींनी दुसरा घोडा एफ६ वरून मागे, डी७ वर आणला. आक्रमण चालू असताना घोडा मागे! उधळणाऱ्या घोड्याची क्रियापदे वापरणाऱ्याला ही चाल वर्णन करता येणार नाही. पण याच घोड्याने शेवट केला. बत्तिसाव्या चालीला तो पुन्हा एफ६, तेहेतिसाव्याला ई४ वर येऊन वजिरावर हल्ला, आणि चौतिसाव्या चालीला वजिराने डी३चा घोडा मारताच एफ२ वर राजाला शह. एफ२ वरचा घोडा हत्तीने मारला, पण लगेच मागच्या उंटाने वजीर टिपला. एक घोडा बसलेला, दुसरा धावणारा. नजरेत भरतो तो धावणारा. त्याला धावायला मैदान मिळाले ते बसलेल्याने अठरा चाली सगळ्यांना खिळवून ठेवले म्हणून.

विजयदुर्गाच्या तटावर उभे राहून या डावाचा विचार करताना मला आठवतो तो १७५६चा फेब्रुवारी. इंग्रज या किल्ल्याला घेरिया म्हणत. पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून तुळाजी आंग्र्यांवर मोहीम काढली होती. समुद्राकडून वॉटसनचे आरमार, जमिनीवर क्लाइव्हची फौज आणि पेशव्यांचे सैन्य. आंग्र्यांच्या गुराबा आणि गलबतांनी अर्धशतक कोकणकिनाऱ्यावर दरारा ठेवला होता. १७२० साली इंग्रजांना आणि १७२४ साली डचांना याच किल्ल्यापुढून हात हलवत परतावे लागले होते. त्या दिवशी मात्र सगळे आरमार तटाखाली, खाडीत, एकमेकांना खेटून उभे होते. गोळ्याने एक जहाज पेटले, ते पूर्वी कंपनीकडूनच जिंकून आणलेले, आणि आग एकावरून दुसऱ्यावर जात सारे आरमार जळाले. उघड्या समुद्रात चारी दिशांना जाऊ शकणारी जहाजे, कडेला लावल्यावर त्यांची बी१ आणि ए४ वरच्या घोड्यांची गत झाली.

याच लढाईचा दुसरा भाग आपल्या इतिहासलेखनात घाईने सांगितला जातो. तुळाजी पेशव्यांच्या छावणीत बोलणी करायला गेला होता. किल्ला पेशव्यांच्या हाती आधी पडू नये म्हणून क्लाइव्हने रात्री माणसे उतरवली आणि पेशव्यांचे सैन्य व किल्ला यांच्या मधोमध नेऊन बसवली. त्यांनी तेथे फारशी लढाई केली नाही. मधे बसले, एवढेच. दुसऱ्या दिवशी किल्ला इंग्रजांनी घेतला, सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांनीच वाटून घेतली, आणि मित्र म्हणवणारे पेशव्यांचे सरदार बाहेर राहिले. तोफांचे वर्णन सगळे करतात. त्या मधल्या ठाण्याबद्दल एखादेच वाक्य असते. मला तर ही वाचनाची तीच खोड वाटते, जी बुद्धिबळाच्या समीक्षेत आहे. आवाज करणारे तेवढे आपण लिहून ठेवतो.

घोडा नाचवणे आणि बसवणे हे एकाच डावात समोरासमोर पाहायचे असेल तर विश्वनाथन आनंदचा १५ जानेवारी २०१३चा डाव काढावा. वाइक आन झी, पांढऱ्या बाजूला लेव्हॉन अरोनियन. अरोनियनचा घोडा बाराव्या चालीला जी५ वर गेला, तेराव्याला एच७चे प्यादे खाल्ले, एकोणिसाव्याला एफ८चा हत्ती खाल्ला, विसाव्याला जी६ वर आला आणि पुढच्याच चालीला मेला. भरपूर चालला, भरपूर खाल्ले. आनंदने आपला हत्ती मारणाऱ्या घोड्याकडे ढुंकूनही न पाहता एफ५ला प्यादे ढकलले, का, तर जी४ वरच्या आपल्या घोड्याला आधार मिळावा म्हणून. मग एच३च्या प्याद्याने त्या घोड्याला मारायची धमकी दिली. पण आनंदचा वजीर एच५ वर येताच त्या प्याद्याला हलताच येईना, कारण ते सरकले की स्वतःच्याच राजाला शह. घोडा जी४ वर तसाच. तेविसाव्या चालीनंतर अरोनियनने डाव सोडला. आनंदने या डावाच्या संदर्भात रुबिनस्टाइनच्या १९०७ सालच्या लोड्झच्या डावाची आठवण काढली होती. तेथेही काळा घोडा जी४ वरच आहे. घोड्याने खाल्लेला हिशेब आणि घोड्याने राखलेला हिशेब वेगळे असतात, हे ज्या मुलाला समजवायचे आहे त्याच्यापुढे दुसरे काही मांडायची गरज नाही.

एक आक्षेप मात्र टाळून चालणार नाही. १९८६ साली ब्रसेल्सला कार्पोव्हपुढे व्हान डेर व्हीलने तीच आठवी चाल खेळली, आणि कार्पोव्हने बाराव्या चालीला किल्लेकोट न करता उंट ई३ वर आणून दाखवून दिले, की ते प्यादे असे फुकट देता येत नाही. म्हणजे ज्या किमतीत डी३ विकत घेतले, तो सौदाच कच्चा होता. मग सोळाव्या डावाचे मोल कमी होते का? काही जण तसे म्हणतात. माझे मत वेगळे आहे. सुरुवातीची ती चाल बाद झाली, ठाण्याचा विचार बाद झाला नाही. उलट कार्पोव्हने जे शोधले ते म्हणजे घोड्याला बसूच न देण्याची वाट. एकदा बसल्यावर उठवण्याची वाट त्याला त्या दिवशी पटावरही सापडली नव्हती. शत्रूने आपला बंदोबस्त जेथे केला, तेथेच दुखत होते, असा याचा अर्थ मी लावतो. आक्षेपात तथ्य आहे ते इतकेच, की ठाणे बाजारभावापेक्षा महाग पडू शकते, आणि नुसते बसून भागत नाही. डी३चा घोडा बसला असताना कास्पारोव्हने राजाच्या बाजूची प्यादी पुढे नेली नसती, डी७चा घोडा परत आणला नसता, तर घोडे तेथेच पेंड खात राहिले असते आणि कार्पोव्ह एका प्याद्याने वरचढ होताच.

पण डाव तसा गेला नाही. सतराव्या चालीला जो पांढरा घोडा बी१ वर येऊन उभा राहिला होता, तो तेथून पहिल्यांदा हलला एकोणचाळिसाव्या चालीला, डी२ वर. चाळिसाव्या चालीला काळा हत्ती ई१ वर उतरला, आणि कार्पोव्हने डाव सोडला.